आधी पाण्याची वाट, मग प्लॉट: नव्या ले-आउटमधल्या पावसाळी गटारांचं काम, सुरुवातीपासून

“प्लॉट नंबर चौदा आणि पंधरात पाणी उभं राहिलंय,” असा फोन मला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. तेव्हा त्या ले-आउटचे रस्ते होऊन दोनच महिने झाले होते. डांबर नवं, कर्ब पिवळे-काळे रंगवलेले, गेटवर कमान. आणि आत कंपाउंडच्या भिंतीला टेकून गुडघाभर गढूळ पाणी. लेव्हल माझ्याच माणसाने घेतल्या होत्या. नकाशात काही खोट नव्हती. आम्ही पाहिलं नव्हतं ते एकच: वरच्या अंगाच्या शेतांच्या बांधांना असलेले दगडी सांडवे. सांडवा म्हणजे वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात उतरायची रचलेली जागा. तीन बांधांवरचे तीन सांडवे एका ओळीत होते आणि ती ओळ पुढे नेली तर नेमकी चौदा-पंधराच्या मधून जात होती. तिथली ओघळ कुणीतरी कधीतरी नांगरून सपाट केली होती. गाव नकाशावर ती होती, जमिनीवर नव्हती.

नवा रस्ता आडवा फोडून पाईप टाकावा लागला. तेव्हापासून मी कामाचा क्रम बदलला आणि आज तोच क्रम इथे मांडतोय. दोन-चार एकरांपासून दहा-पंधरा एकरांपर्यंत प्लॉटिंग करणारे, त्यांचे साइट इंजिनियर, आणि प्लॉट घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत असं वाटणारे लोक, या सगळ्यांना तो उपयोगी पडेल. नियमांचा संदर्भ मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्राचा आहे.

पावसात जागेवर जा

जमीन बघायला सगळे जातात दिवाळीनंतर. गवत वाळलेलं असतं, गाडी थेट आत जाते. निचऱ्यासाठी त्या भेटीचा उपयोग शून्य. एक तरी फेरी जोराच्या पावसात किंवा पाऊस थांबल्यावर तासाभरात मारा. ते जमलं नाही तर उन्हाळ्यात पाण्याच्या खुणा वाचायला शिका. बांधांचे सांडवे मी सांगितलेच. शिवाय कुंपणाच्या तारेत अडकलेला काडीकचरा पाहा, पाणी किती उंच चढलं होतं ते तो सांगतो. बाभळीच्या मुळाशी माती वाहून गेलेली आहे का, लव्हाळ्यासारखं ओलीचं गवत कुठे आहे, काळ्या मातीत भेगा कुठे बारीक आणि कुठे रुंद आहेत, हेही बघा. आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, पण “इथे पाणी साचतं का?” असं विचारू नका, उत्तर “नाही” असंच येईल. “तुमची पेरणी या कोपऱ्यात उशिरा होते का?” असं विचारा. वाफसा कुठे उशिरा येतो ते त्याला तोंडपाठ असतं, आणि वाफसा उशिरा म्हणजे निचरा वाईट.

मग कागद. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि गटाचा नकाशा घ्या, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे आसपासचे डोंगर-ओढे आणि उंची दाखवणारा नकाशा, उघडा. टोपोशीटवर आपली जमीन एवढीशी दिसते, पण तिच्या वरचा डोंगर दिसतो, आणि खरं काम तिथेच आहे. आपल्या दहा एकरांत पडणाऱ्या पाण्याचा हिशेब सगळे करतात. वरून येणाऱ्या पाण्याचा हिशेब दहातल्या आठ फाइलींत नसतो.

गाव नकाशावर ओढा किंवा नाला दाखवला असेल तर तो सातबारावर कुणाच्या नावाने आहे यावर वाद घालत बसू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले हे कुणा व्यक्तीचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर शासनाचे आहेत. ते बुजवणं तर सोडाच, वळवायलाही परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी माझा सल्ला असा की ओढा आपल्या हद्दीत जिथून शिरतो आणि जिथून बाहेर पडतो ती दोन टोकं हलवू नका. मधला भाग सरळ करता येतो. टोक हलवलं की शेजाऱ्याच्या शेतात नवं पाणी गेलं, आणि मग तहसील कार्यालयाच्या खेपा सुरू.

त्या खेपांमागचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण मालकांना तो दोन्ही बाजूंनी माहीत नसतो. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर जाणं हा वरच्या मालकाचा हक्क आहे, असं १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा कलम ७ मध्ये सांगतो. म्हणजे वरचं पाणी भिंत घालून अडवता येत नाही. शेतीचं नुकसान होईल असा अडथळा कुणी घातला तर तो काढायचा आदेश १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार देऊ शकतो. पण हक्क आहे तो नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याचा. दहा एकरांचं पाणी गोळा करून एका पाईपाच्या तोंडाने शेजाऱ्याच्या उसात सोडलं तर त्याला नैसर्गिक म्हणत नाहीत.

लेव्हल: हद्दीबाहेर चारशे मीटर

मोजणीवाला हद्दीच्या आतल्या लेव्हल देतो आणि बिल लावतो. त्याला आधीच सांगा की खालच्या ओढ्यापर्यंत किंवा ज्या गटारात पाणी सोडणार तिथपर्यंत लेव्हल हवी आहे, आणि त्यापुढच्या पहिल्या मोरीचीसुद्धा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाची. मोरीचा तळ, तिच्या स्लॅबची खालची कड, पाईप असतील तर किती आणि किती व्यासाचे. चारशे मीटर जास्त चालावं लागतं, एवढंच.

हद्दीच्या आत अर्ध्या मीटरची समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा दर अर्ध्या मीटर उंचीला एक, पुरेशी आहे. जमीन फारच सपाट असेल, म्हणजे शंभर मीटरला अर्ध्या मीटरहून कमी उतार असेल, तर पाव मीटरची काढा. बेंचमार्क, म्हणजे जिच्यावरून सगळ्या लेव्हल मोजायच्या ती खूण, पक्क्या ठिकाणी घ्या. मी एकदा विहिरीच्या कठड्यावर घेतला होता, तो मालकाने दिवाळीच्या रंगकामात फोडून नवा बांधला.

काम खालून वर

इथे बहुतेकांची गल्लत होते. गटार वरून खाली वाहतं म्हणून आखणीही वरून सुरू करतात. उतार लावत लावत खाली येतात आणि शेवटच्या टोकाला कळतं की गटाराचा तळ ओढ्याच्या पाण्याच्या पातळीखाली गेलाय. म्हणून पहिला आकडा ओढ्याचा.

आकडे घालून दाखवतो. ओढ्यात पावसाळ्यात नेहमी येणारं पाणी ९८.२० पातळीपर्यंत (सगळे आकडे मीटरमध्ये, बेंचमार्कवरून मोजलेले) चढतं असं काठावरच्या खुणांवरून दिसलं. मी गटाराचं तोंड ९८.५० ला ठेवीन, म्हणजे एक फूट मोकळं. तिथून मुख्य गटार ३०० मीटर वर जातं. १ ला २०० उतार, म्हणजे दोनशे मीटरला एक मीटर, द्यायचा तर वरच्या टोकाचा तळ दीड मीटरने वर, म्हणजे १००.०० ला येतो. गटार आतून ६५ सेंटिमीटर खोल आणि वर १० सेंटिमीटर जाडीचं झाकण धरलं, तर तिथली रस्त्याची कड १००.७५ च्या खाली चालणार नाही. आता समपातळी नकाशा बघा. तिथे जमीन १००.२० असेल तर तीनच मार्ग आहेत: भराव करा, उतार कमी करून गटार रुंद करा, नाहीतर पाणी दुसऱ्या बाजूला काढा. हा निर्णय प्लॉट पाडायच्या आधी होतो. प्लॉट विकल्यावर होतो तेव्हा त्याला निर्णय म्हणत नाहीत, तडजोड म्हणतात.

ओढ्याला किंवा नदीला पूररेषा आखलेली असेल तर जलसंपदा विभागाकडून नकाशा मिळवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडू नका. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला अटी असतात. पूररेषा आखलेली नाही म्हणजे पूर येत नाही असा अर्थ काढणारे महाभाग मी पाहिलेत. लहान ओढ्यांना सहसा रेषा नसते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा. एरवी पुलावरून जाताना ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं तो ओढा काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला आणि माणसं गेली.

पाणी सोडायची जागा ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याकडेचं गटार असेल तर लेखी परवानगी घ्या. तोंडी “सोडा हो, काय होतंय” याला पहिल्या तक्रारीनंतर किंमत नसते. खाजगी जमिनीतून गटार न्यायचं असेल तर नोंदणीकृत करार करा आणि गटाराच्या बाजूला साफसफाईसाठी वाट ठेवा.

मग प्लॉट पाडा

समपातळी नकाशावर निळ्या पेन्सिलीने पाण्याच्या सगळ्या वाटा काढा. त्यातल्या सर्वांत खोल वाटांवर रस्ते टाका, किंवा रस्ता बसत नसेल तिथे मोकळी जागा. नकाशाचा चौकोनी आराखडा सुंदर दिसतो, पण उताराला तिरका गेला की दर दुसऱ्या ओळीतल्या प्लॉटची मागची बाजू खड्ड्यात जाते. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन ओळींच्या मध्ये खोलगट भाग सोडला तर तो कायमचा डोक्याला ताप, कारण तिथे गटार टाकायला सार्वजनिक जागाच उरत नाही.

रस्ता प्लॉटपेक्षा खाली असायला हवा. हे लिहायची गरज पडू नये, पण खडीकरण, डांबर, पाच वर्षांनी वर आणखी एक थर, असं करत रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात. म्हणून जोत्याची पातळी मी रस्त्याच्या मध्यापासून निदान ४५ ते ६० सेंटिमीटर वर धरायला सांगतो आणि ती प्लॉटच्या नकाशावरच लिहून देतो. डांबरी रस्त्याला कडेकडे अडीच टक्के उतार, काँक्रीटला दोन टक्के. नऊ मीटर रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण ११ सेंटिमीटरचा ढाळ पडतो. मजूर तो “हाताच्या अंदाजाने” करतात. टेम्प्लेट बनवून घ्या, लाकडी पट्टीचं साधं चालतं.

कागदावर काय मागतात

डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. मंजुरी कोण देणार, म्हणजे नगरपालिका, प्राधिकरण की जिल्ह्याचं नगररचना कार्यालय, हे जमीन कुठे आहे त्यावर ठरतं. रेखांकनाच्या नकाशावर ओढे-नाले, जमिनीचा उतार, रस्ते आणि निचरा दाखवावा लागतो. आधी तात्पुरती मंजुरी, मग मोजणी खात्याकडून आखणी, मग अंतिम मंजुरी, आणि तोपर्यंत रस्ते-गटारं करून दाखवायची, अशी साधारण वाट आहे.

दोन आकडे लक्षात ठेवा. चाळीस आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. आणि ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी जिरवायची किंवा साठवायची सोय करावी लागते. शिवाय ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉटिंग करून विकायचं तर महारेरात, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी आली, आणि रेरा कायद्याच्या कलम १४ मुळे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा सेवासुविधांतला दोष दाखवला गेला तर प्रवर्तकाने, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुंबणारं गटार यात बसतं. बिल्डर मंडळींना मी नियम वाचून दाखवत नाही, हे एक वाक्य वाचून दाखवतो.

हिशेब

घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे. लहान क्षेत्रासाठी वापरायचं सूत्र असं:

वाहून येणारं पाणी, घनमीटर दर सेकंदाला = गुणांक × पावसाचा जोर, मिलिमीटर दर तासाला × क्षेत्र हेक्टरमध्ये ÷ ३६०

गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला किती भाग वाहून येतो. छपरं आणि फरशीला ०.९, रस्त्यांना ०.८५, बागेला-मातीला ०.३, हिरव्या खुल्या जागेला ०.२५ धरतो. काळी माती एकदा भिजून फुगली की जवळजवळ काहीच आत घेत नाही, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात ०.३ ऐवजी ०.४ धरायला मी मागेपुढे पाहत नाही.

पावसाचा जोर हा खरा कळीचा आकडा, आणि इथे वर्तमानपत्रातला आकडा कामाचा नाही. “चोवीस तासांत १०० मिलिमीटर” यावरून गटार ठरत नाही. ते शंभर मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडले की संध्याकाळी दीड तासात कोसळले, यावर ठरतं. हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राच्या नोंदींवरून तयार झालेले तीव्रता, कालावधी आणि वारंवारतेचे आलेख असतात, ज्यांना सगळे आयडीएफ कर्व्ह म्हणतात. निवासी भागासाठी सहसा दोन ते पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरतात. गाव किती मोठं त्याप्रमाणे काय धरायचं याचा तक्ता सीपीएचईईओने, म्हणजे पाणीपुरवठा-मलनिस्सारणाचं तांत्रिक काम पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०१९ मध्ये काढलेल्या नियमपुस्तिकेत आहे. कालावधी धरायचा तो ले-आउटच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यातलं पाणी तोंडापर्यंत पोचायला लागणारा वेळ. दहा एकरांत तो पंधरा-वीस मिनिटं निघतो.

जोर कमी धरला तर काय होतं याचा धडा मुंबईत आहे. तिथली जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाची होती. ती ५० वर न्यायला मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा अहवाल बारा वर्षांचा झाला होता. अर्थात असा पाऊस ५० च्या हिशेबानेही आवरला नसता, त्याची वेगळी सोय करावी लागते, ती पुढे येते.

आता आपले दहा एकर, म्हणजे ४ हेक्टर. छपरं-फरशी ४५ टक्के, रस्ते २० टक्के, बागा-माती २५ टक्के, खुली जागा १० टक्के. एकत्र गुणांक ०.६७ च्या आसपास येतो. जोर उदाहरणापुरता ७५ मिलिमीटर धरू. ०.६७५ × ७५ × ४ ÷ ३६० म्हणजे ०.५६ घनमीटर, दर सेकंदाला ५६० लिटर. तीच जमीन शेत होती तेव्हा गुणांक ०.३ धरला तर २५० लिटर. घरं झाल्यावर पाणी दुपटीहून जास्त झालं, आकाशात मात्र काही बदललं नाही. खालचा शेतकरी “पूर्वी असं नव्हतं” म्हणतो ते यासाठी.

आणि वरचा डोंगर? समजा २० हेक्टरचा उतार आपल्या हद्दीवर येतो. गुणांक ०.३५, अंतर जास्त म्हणून कालावधी लांब आणि जोर ६० धरू. ०.३५ × ६० × २० ÷ ३६० म्हणजे १.१७ घनमीटर. आपल्या स्वतःच्या पाण्याच्या दुप्पट! हे पाणी आतल्या गटारात कधीही घेऊ नका. वरच्या हद्दीला समांतर चर काढून ते बाजूने थेट ओढ्यात न्या, किंवा मूळ ओघळ रुंद ठेवून तिच्यातूनच जाऊ द्या. चौदा-पंधराचं माझं दुखणं हेच होतं.

गटार केवढं

काँक्रीटच्या यू आकाराच्या गटारातून किती पाणी जाईल हे काढायला मॅनिंगचं सूत्र वापरतात. ते इथे मांडत नाही, मोबाइलवर डझनभर कॅलक्युलेटर आहेत. खडबडीतपणाचा आकडा ०.०१५ घाला, गुळगुळीत प्लास्टर होईल या भरवशावर ०.०१३ घालू नका. उत्तरं एवढी येतात: ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर पाण्याची खोली, १ ला २०० उतार, तर दर सेकंदाला सुमारे ४०० लिटर. ७५ रुंद आणि ५० खोल केलं तर सुमारे ६३०. आपल्याला ५६० हवेत, म्हणजे खालच्या टप्प्यात ७५ चं, वरच्या टप्प्यांत ६० आणि ४५ चं. वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायचीच.

तेच ७५ चं गटार १ ला १००० उतारावर टाकलं तर? फक्त २८० लिटर. निम्म्याहून कमी, आणि गाळ बसायला लागतो तो वेगळाच. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की माती तळाशी बसते. तीन मीटरच्या वर गेला की काँक्रीट झिजतं, तिथे पायऱ्या द्या.

हिशेबात कितीही बारीक आलं तरी ४५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद गटार बांधू नका. त्यात फावडं आडवं फिरत नाही. कामगार दांडा तिरका धरून कसाबसा गाळ ओढतो आणि पुढच्या वर्षी येतच नाही. रस्त्याखालून जाताना एनपी-३ वर्गाचे ह्यूम पाईप (गाड्यांचा भार सोसणारे काँक्रीटचे पाईप), आणि वळणावर, जोडावर आणि सरळ लाइनीत दर तीसेक मीटरवर चेंबर. चेंबरचा तळ पाईपाच्या तळापेक्षा एक फूट खाली ठेवा, गाळ तिथे बसतो आणि काढता येतो.

जाळ्यांबद्दल माझा हट्ट आहे. रस्त्यात आडवी टाकलेली जाळी पहिल्या पावसात गुलमोहराच्या पाकळ्या आणि एका दुधाच्या पिशवीने बंद होते. कर्बमध्येच उभं तोंड ठेवा, दहा-बारा सेंटिमीटर उंच आणि अर्धा-पाऊण मीटर लांब. दर वीस-पंचवीस मीटरला एक, आणि रस्त्याच्या सगळ्यात खोल जागी दोन.

पाणी थोडं थांबवा

५६० लिटर येतात, पूर्वी २५० जात होते. मधले ३१० लिटर वीस मिनिटं थांबवायचे तर ढोबळमानाने ३७० घनमीटर जागा लागते. ऐकायला मोठं वाटतं, पण ६० सेंटिमीटर खोलीचं पसरट मैदान केलं तर सव्वासहाशे चौरस मीटरच्या आसपास. आपली खुली जागा ४,००० चौरस मीटर आहे. तिचा सहावा भाग दोन फूट खोल, कडांना मुलं धावत चढतील इतका सौम्य उतार, खाली गवत. वर्षाचे साडेतीनशे दिवस तिथे क्रिकेट खेळता येतं. बाहेर जायला एकच ४५० मिलिमीटरचा पाईप, तो आपोआप पाणी रोखून धरतो. आणि त्याहून मोठा पाऊस आला तर काठावरून सुरक्षित उतरायला दगडी सांडवा, ज्याची पुढची वाट घरांकडे जाणार नाही. २००५ सारख्या पावसाची सोय म्हणालो ती हीच: गटार ओसंडलं की पाणी रस्त्यावरून कुठे जाईल ते आधी ठरवून ठेवायचं.

मैदान दोन दिवसांत कोरडं व्हायला हवं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, त्याला तेवढा वेळ द्यायचा नाही.

जिरवण्याबद्दल सावध. शोषखड्डा हा परवानगीसाठीचा चौकोन झालाय, नकाशात काढला की झालं. आधी चाचणी करा: फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा, रात्रभर पाण्याने भिजवलेला, सकाळी पुन्हा भरून पट्टी लावून बसायचं. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर तिथे जिरवण्याचा हिशेब धरू नका. दख्खनच्या खडकात वरची काळी माती ओलांडून खालच्या मुरुमापर्यंत गेलात तर फरक पडतो, पण खाली अखंड काळा पाषाण लागला की पुन्हा शून्य. छपराचं पाणी टाकीत साठवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वाचार हजार लिटर हातात येतात.

बांधकाम, आणि टँकर

गटार आधी, रस्ता नंतर, आणि गटाराचीही सुरुवात ओढ्याकडून. वरून सुरू करून पाऊस आला तर अर्धवट गटार म्हणजे पाणी आणायची सोय झाली, न्यायची नाही. कॅलेंडर उलटं मोजा: कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरा, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत मुख्य लाइन ओढ्याला जोडलेली हवी. नाही झाली तर तात्पुरता मातीचा चर काढा आणि तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात तुमचा मुरूम ओढ्यात आणि ओढ्यातून शेजाऱ्याच्या विहिरीत.

गटाराचा तळ ओतण्यापूर्वी दर दहा मीटरला लेव्हल घ्या. दोरी लावून मिस्त्री म्हणतो, “साहेब, उतार बरोबर आहे, डोळ्याला दिसतोय.” १ ला २०० म्हणजे दहा मीटरला पाच सेंटिमीटर. ते डोळ्याला दिसत नाही. ऑटो लेव्हल नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पातळीही चालते, आमचे जुने मिस्त्री त्यातच निष्णात होते.

बिल देण्याआधी टँकर मागवा. सगळ्यात वरच्या चेंबरमध्ये पाणी सोडायचं आणि स्वतः गटाराबरोबर चालत खाली जायचं. पाणी पोचायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघा. टँकर संपल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा फेरी मारा, जिथे थारोळं उरलंय तिथे खडूने खूण करा. त्या खुणांवर प्लास्टर झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. कंत्राटदार कुरकुरतो, पण दुसऱ्या कामाला स्वतःच टँकर सांगून ठेवतो.

गटार मारणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, रॅम्प. प्लॉटवाला घर बांधतो, गाडी आत न्यायला गटारावर भराव टाकतो, खाली चार इंची पीव्हीसी पाईप सरकवतो. ७५ सेंटिमीटरच्या गटाराच्या पोटात चार इंच! एका ओळीत असे दोन रॅम्प झाले की वरचं सगळं डिझाइन कागदावरच. म्हणून प्रत्येक प्लॉटसमोर गेटची जागा तुम्हीच ठरवा, तिथे सुरुवातीलाच तीन-चार मीटर लांबीचं जाड, उचलता येणारं झाकण टाका, आणि खरेदीखतात तेवढं एक कलम घाला.

दुसरी, सांडपाणी. पावसाळी गटार उघडं, सोयीचं, दाराशी. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो हळूच त्यात सोडला जातो आणि एप्रिलमध्येही गटार वाहतं. मेच्या कोरड्या दुपारी झाकणं उघडून बघा. तेव्हा ओल दिसली की ती पावसाची नाही. सांडपाण्याची स्वतंत्र लाइन आणि त्यावरची प्रक्रिया आधी केली नाही तर नंतर दहा घरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी सोडायचं कुठे?

देखभालीचं काम फार नाही. मेच्या शेवटी चेंबरचा गाळ काढायचा आणि तो काठावर न ठेवता उचलून न्यायचा, कारण काठावरचा गाळ पहिल्या सरीत परत आत जातो. सोसायटी होईपर्यंत हे प्रवर्तकाने करायचं, सोसायटी झाली की तिच्याकडे नकाशासकट लेखी सोपवायचं. कुठली लाइन कुठे, तळाच्या पातळ्या काय, हे सांगणारा पूर्ण झालेल्या कामाचा नकाशा दहा वर्षांनी कुणाकडेच सापडत नाही. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.

पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः दोनदा जातो, छत्रीसकट. ओढ्याच्या तोंडाशी, मैदानाच्या काठाला आणि सगळ्यात खोल चेंबरच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते बघतो आणि ओसरल्यावर तिथे ऑइलपेंटने रेघ मारून तारीख लिहितो. चौदा-पंधराच्या त्या ले-आउटमधल्या चेंबरमध्ये आता अशा सात रेघा आहेत. सर्वांत वरची रेघ झाकणाच्या एक वीत खाली आहे.